लंगोटाची गाठ

बायको पुन्हा कामावर रुजू झाली आणि मी सहा महिन्यांची रजा टाकून घरी बसलो. ऑफिसातल्यांनी माझी भरपूर चेष्टा केली. मी म्हटलं, हसा लेको. चार महिन्यांची पोर सांभाळणं म्हणजे काय, ते मला दोनच दिवसांत कळून चुकलं. लंगोट बदल, बाटली उकळ, ढेकर काढ, थोपट, आणि झोपली की पाय न वाजवता बाहेर ये.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी गॅलरीत लंगोट वाळत घालत होतो. आत लेक किरकिरली आणि लगेच गप्पही झाली. जाऊन पाहतो तर तिचा लंगोट बदललेला. ओला खाली बादलीत, आणि अंगावरच्या कोरड्या लंगोटाच्या नाड्यांना चपटी, दुहेरी वेढ्याची गाठ. मी सुरगाठ मारतो. बायकोही तीच मारते, आणि ती सकाळीच गेली होती. दाराला आतून कडी होती.

खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी मला ती गाठ ओळखीची वाटली. आमचे बाबा पार्सल ऑफिसात तीस वर्षं गठ्ठे बांधायचे. कितीही आपटलं तरी त्यांची गाठ सुटायची नाही, पण नेमकं टोक ओढलं की झटकन मोकळी व्हायची. मी ते टोक ओढून पाहिलं. मोकळी झाली. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी आईला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबांनी कधी माझा लंगोट बदलला होता का गं?"

"त्यांनी?" आई हसली. "तुला साधं उचललं नाही कधी. माझ्या हातून पडेल म्हणायचे. तेव्हा पुरुष कुठे करायचे रे हे सगळं... पण तू झोपलास की पाळण्यापाशी उभे राहायचे. मी आले की निघून जायचे."

बायकोला हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तिने पोर माझ्या भरवशावर सोडली होती, आणि मला मात्र बघायचं होतं की बाबांना हे जमतं तरी कसं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी मुद्दाम बाहेर आलो आणि दार लोटून बसलो. लेकीला असं एकटं ठेवताना माझी मलाच लाज वाटली, तरी उठलो नाही. थोड्या वेळाने आतून लाखेचा वास आला. पार्सलांना सील करायच्या लाखेचा, बाबांच्या शर्टाला कायम यायचा तो. कुणीतरी जड श्वास घेत होतं... कापड ओढल्याचा आवाज आला... मी आत धावलो.

कुणी नव्हतं. लेक गाढ झोपलेली, दुपट्यात कोपरे दुमडून, गाठ मारून नीट गुंडाळलेली. बाबा गुंडाळायचे ते सगळं कुठेतरी पाठवण्यासाठीच असायचं, हे मला तेव्हा आठवलं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "किती छान गुंडाळलंयस रे. कुठे शिकलास?"

"येतं हळूहळू," मी म्हणालो.

त्यानंतर मी पोरीला क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही. दुपारी पाळण्याशेजारी सतरंजी टाकून डोळे ताणत बसायचो. चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी मात्र माझा डोळा लागला.

जाग आली ती लेकीच्या रडण्याने. उठायला गेलो तर उठता येईना. गळ्यापासून पायांपर्यंत मी चादरीत घट्ट गुंडाळलेला होतो, हात आत, पाय आत. गाठ छातीवर होती. कुठलं टोक ओढायचं तेही दिसत होतं, पण ओढायला हात मोकळा नव्हता. पोर टाहो फोडत होती आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर नुसता पडून होतो.

"बाबा," मी म्हणालो, "तिला बघा... आधी तिला बघा."

लाखेचा वास दाटला. पाळण्यापाशी पावलं येऊन थांबली. मग थोपटणं सुरू झालं, अवघडलेलं, मध्येच ठेका चुकणारं. लेकीचं रडणं हुंदक्यांवर आलं, आणि थांबलं.

थोपटण्याचा आवाज पाळण्यातूनच येत होता, हे मी शपथेवर सांगतो. पण थोपटणारा हात माझ्या छातीवर पडत होता.