मनखूण

त्या रविवारी जेवताना आप्पांनी घोड्याचा किस्सा पुन्हा काढला. "महाबळेश्वरला ही घोड्यावर बसली आणि घोड्यालाच म्हणते कशी, 'अहो, जरा हळू!' घोडा सुटला उधळत, आणि इथे मी जागच्या जागी थांबलोय!"

हेमांगी गरम पोळी घेऊन बाहेर आली. आईने ओठ आणि डोळे घट्ट मिटले होते, हात पोटाशी होता.

"आई, काय होतंय गं?"

"काही नाही, हसतेय ती." आप्पांनी मनगट उंचावून दाखवलं आणि मान वर न करता कढीचा भुरका मारला.

संध्याकाळी आई गेली. हृदयाचा झटका होता, पण कळ पोटात आली होती.

तेव्हा मनखूण घरोघरी होती. लग्नात भांड्यांऐवजी हीच आहेरात यायची. जेवणाच्या टेबलावरच्या दिव्यात बारीक डोळा असे. जोडीदाराचा चेहरा तो वाचायचा आणि आपल्या मनगटपट्टीवर टिचकी द्यायचा. एक टिचकी म्हणजे राग, दोन म्हणजे हसू. आईने आपली पट्टी केव्हाच फडताळात टाकली होती. आप्पांचा चेहरा वाचायला तिला यंत्र लागत नव्हतं.

तेरावं झाल्यावर हेमांगी मनखूण घडवणाऱ्या डॉ. तांबोळींच्या प्रयोगशाळेत गेली.

"तुमच्या यंत्राला कळ आणि हसू यांतला फरक कळत नाही?"

"प्रत्येक जोडप्याच्या खुणा वेगळ्या असतात. कुणी भुवई उडवतं, कुणी पदर चाळवतं. म्हणून आधी यंत्र शिकतं. चेहरा टिपतं आणि जोडीदाराला अर्थ विचारतं."

"जिचा चेहरा, तिला नाही विचारत?"

"जोडीदार ओळखतोच, असं आम्ही धरून चाललो."

"मग ओठ मिटलेला तो चेहरा. आप्पांनी काय सांगितलं?"

डॉक्टरबाईंनी पडद्यावरची जुनी नोंद वाचली. "हसली. दरवेळी हेच." मग हळू आवाजात म्हणाल्या, "यंत्रात बिघाड नव्हता."

हेमांगीला बिघाडच हवा होता. बिघाडावर रागावणं सोपं होतं.

घरी आप्पा त्याच दिव्याखाली बसले होते. तिने ताट वाढलं आणि दिव्यासमोर आईच्या जागी बसली.

"तुझी आई ना, महाबळेश्वरला घोड्याला म्हणते..."

हेमांगीने ओठ मिटले. डोळे मिटले. पोटातून संताप वर आला, तसा हात तिथे गेला.

आप्पांच्या मनगटावर दोन टिचक्या बसल्या. पट्टीकडे बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. "हसलीस! अगदी तिच्यासारखी."

आजवर ती या न बघण्याला आप्पांचा स्वभाव म्हणत आली होती.

"मी हसत नाहीये, आप्पा," ती म्हणाली. "ते मनगट खाली ठेवा. वर बघा, माझ्याकडे. आई अशीच दिसायची. ती त्या घोड्याच्या किश्श्यावर एकदाही हसली नाही."