चौकड्यांचा जिग

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला रेवदंड्याच्या धक्क्यावर सुचिताचा जिग, म्हणजे कोळंबीच्या आकाराचा गळ, तळाला अडकला. धक्क्यावरच्या माणसांच्या लेखी एवढंच घडलं. नवख्यांचे जिग अडकतातच.

सुचिता चौलच्या शाळेत गणित शिकवते. तिचं माहेर आत, पेणच्या बाजूला, भातशेतीचं. समुद्र तिनं जवळून पाहिला तो लग्नानंतर. नवरा, ओंकार, मालवाहू जहाजावर इंजिनखान्यात असतो. मागच्या सुट्टीत त्यानं हौसेनं गळाची काठी आणि रीळ विकत घेतलं आणि वापरायच्या आधीच त्याला कामावर बोलावणं आलं. आता तो सिंगापूरला उतरून महिनाअखेरीस घरी येणार होता. त्याच्या आधी एक तरी माकली, म्हणजे स्क्विड, धरायला शिकायचं आणि त्याला दाखवायचं, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

दिवाळी सरली, खाडीचं पाणी नितळ झालं, तशी ती अलिबागला मितेशच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेली. भिंतीभर जिग टांगलेले होते. प्लास्टिकच्या कोळंब्या, अंगावर ताणून चिकटवलेलं कापड, हनुवटीखाली शिसं, शेपटीला सुयांचा मुकुट. सुचितानं मोरपिशी रंगाचा एक उचलला.

"ठेवा बेन, ठेवा," मितेश म्हणाला. "नवीन माणसाची हीच चूक. आपल्याला आवडतो तो घेतात. आवडायला माकलीला पाहिजे ना?"

"मग तिला काय आवडतं?"

"ते तिलाच विचारा. मी तर शाकाहारी माणूस." तो हसला आणि त्यानं काचेवर तीन जिग मांडले. "मधला नंबर घ्या. लहान फार हलका, वाऱ्यानं उडतो. मोठा धाडकन तळाला जातो. संध्याकाळसाठी केशरी, उन्हासाठी गुलाबी, गढूळ पाण्यासाठी हा चमकणारा."

"तिन्ही कशाला?"

"एक दगडाला जाईल, एक केंड मासा खाईल. उरला तो तुमचा." मग त्यानं हवेतच काठी हलवून दाखवली. "दोन झटके वर. मग सोडून द्यायचं, हळू पडू द्यायचं. माकली पडत्या जिगलाच मिठी मारते."

मितेशचा हिशेब बरोबर निघाला. गुलाबी जिग दुसऱ्याच दिवशी दगडात गेला. चमकणाऱ्याला कुणी विचारलं नाही. केशरी वर आला तेव्हा त्याच्या पाठीचं कापड केंड माशानं ओरबाडून नेलेलं होतं, आतलं पांढरं प्लास्टिक उघडं पडलेलं.

"मास्तरीण, खेलनी मोडली काय गो?" चंद्राबाईनं विचारलं. ती कोळीण रोज धक्क्यावर बोंबील वाळत घालायची आणि सुचिताकडे बघून करमणूक करून घ्यायची.

"शिवते घरी जाऊन."

"शीव. तुमची आगरातली मानसं, सुई चांगली चालते तुमची."

सुई चालायची, हे खरं. सुचिताची आई इंदूबाई गावात गोधड्यांसाठी नावाजलेली. तिच्या घरात एक रीत होती. बाहेरगावी असलेल्या माणसाचं कापड कापायचं नाही. त्यानं घरी येऊन स्वतःच्या हातानं दिलं तरच कात्री लावायची. कारण कुणी विचारलं नव्हतं, आईनंही कधी सांगितलं नव्हतं.

कपाटात ओंकारचा जुना शर्ट होता, निळ्या चौकड्यांचा, कॉलर विरलेला. सुचितानं त्याच्या खालच्या दुमडीतून बोटभर पट्टी कापली. आतल्या बाजूनं. दिसणारही नव्हतं.

तो चौकड्यांचा जिग पाण्यात पडला आणि पहिल्याच फेकीला माकली लागली. काठी जड झाली, पण ओढ नव्हती. जणू कुणी बोट धरून सोबत चालावं, तशी ती वर आली. धक्क्यावर तिच्या पारदर्शक अंगावरून क्षणभर निळ्या आडव्या-उभ्या रेघा सरकल्या आणि विरल्या. माकल्या रंग बदलतात, हे सुचिताला ठाऊक होतं.

त्या रात्री ओंकारचा फोन आला.

"दुपारी डोळा लागला होता," तो म्हणाला. "मस्त स्वप्न पडलं गं. मी पाण्यात होतो, खोल. समोर एक कोळंबी. दोनदा झटकन वर जायची, मग पिसासारखी खाली यायची. मी आपला तिच्या मागे."

"कसली कोळंबी?"

"निळ्या चौकड्यांची. हसू नकोस. सोडून यावंसंच वाटेना."

ती हसली नाही. सुट्टी जवळ आली की माणसाला घरचे कपडे आठवतात, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण त्या पट्टीबद्दल त्याला सांगितलंही नाही. मंगळवारी धक्क्यावर जाताना ती कात्री घेऊन गेली. पट्टी उसवून टाकायची होती. त्याआधी एकदाच टाकू, म्हणून तिनं जिग टाकला आणि तो अडकला.

तिनं काठी डावी-उजवीकडे ओढून पाहिली. तंगूस, गळाची ती नायलॉनची दोरी, तारेसारखा ताणला होता. तो इंचभर सैल व्हायचा, पुन्हा ताणायचा. सैल व्हायचा, पुन्हा ताणायचा.

"दगड आहे," सुचिता म्हणाली आणि तिनं कात्री काढली.

चंद्राबाई उठून जवळ आली. तिनं तंगुसावर दोन बोटं टेकवली, नाडी बघावी तशी. मग जिगला लावलेलं कापड कुठलं, ते विचारलं. सुचितानं सांगितलं.

"नवरा कुठं हाय?"

"जहाजावर."

"कात्री आत ठेव," चंद्राबाई म्हणाली. "दगड दम घेत न्हाय."

फोन वाजला. ओंकारचा मेसेज होता. सव्वासहापासून जहाज थांबलंय. इंजिन चालू आहे, पंखा फिरतोय, पुढे मात्र जात नाही. मोठे साहेब खाली येऊन बघून गेले. दोष सापडत नाही.

खलाशांच्या घरी असतं तसं सुचिताच्या फोनवर जहाजांचा ठावठिकाणा दाखवणारं ॲप होतं. तिनं ते उघडलं. आफ्रिका आणि सिंगापूरच्या मधल्या निळ्या पोकळीत ओंकारच्या जहाजाचा ठिपका उभा होता. वेग शून्य.

ती गणिताची शिक्षिका. तिनं रिळाचा लगाम सैल केला आणि थोडा तंगूस जाऊ दिला. ठिपका हलला. तिनं रीळ अडवलं. ठिपका थांबला. तिनं पुन्हा सोडलं, पुन्हा अडवलं. मग तिनं काठी खाली ठेवली.

रात्री तंगूस धक्क्याच्या लोखंडी खुंटाला गुंडाळला आणि चंद्राबाई त्याच्याजवळ गोणपाट टाकून निजली.

बुधवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सुचितानं थोडा थोडा तंगूस सोडला. जहाज तेवढंच पुढे गेलं. ओंकारचे मेसेज यायचे. सगळे बरे आहेत. समुद्र आरशासारखा आहे. कुणालाच फारशी घाई वाटत नाही. झोप छान लागते.

शुक्रवारी रिळाचा तळ दिसायला लागला. सिंगापूर अजून फार लांब होतं. तिनं मितेशला फोन करून पुढे दुसरा तंगूस जोडता येईल का, ते विचारलं.

"ताणलेल्याला जोडलेली गाठ टिकत नाही बेन. काय मोठं लागलंय काय?"

तिनं फोन ठेवला.

"सोडून संपनार," चंद्राबाई म्हणाली. "मग काय करशील?"

"मग हातातच राहणार नाही."

"तर?"

ऊन उतरलं होतं. खाडी दुधासारखी शांत. सुचितानं पाय रोवले, रिळाची मूठ धरली आणि तंगूस परत गुंडाळायला घेतला.

तंगूस आला. जड, पण न ओढता.

चंद्राबाईनं फोन हातात धरला होता. तिला ॲपमधलं काही कळत नव्हतं. ठिपका कुठे आहे, एवढं ती सांगत होती.

"खाली व्हता. आता मधी हाय."

सुचिता फिरवत राहिली.

"केरलाच्या बाजूला."

मधल्या वाटेची रेघ ॲपवर उमटत नव्हती. ठिपका एका जागेवरून नाहीसा व्हायचा आणि दुसरीकडे असायचा.

"गोव्याच्या वर."

धक्क्यावरची माणसं एकेक करून घरी गेली. कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

"थांब गो," चंद्राबाई म्हणाली.

ठिपका रेवदंड्याच्या खाडीत होता, धक्क्याला चिकटून. खाली लिहिलेलं सुचितानं वाचलं. स्थिती: नांगरलेलं.

समोर पाणी होतं. नुसतं पाणी, पलीकडच्या डोंगरापर्यंत. तंगूस सरळ उभा खाली गेला होता.

मग मेसेज आला. "लागलो एकदाचे. धुकं आहे. शिडी सोडलीय, पण खाली कुणी दिसत नाही. तू आलीयस ना?"

"समोरच आहे," असं तिनं लिहिलं.

शनिवारी दुपारपर्यंत त्या उत्तरावर एकच टिक होती.