सत्तेचाळीस नंबरची खुंटी

सुरेंद्रचं तीन वर्षांचं इंजिनिअरिंग एका खोक्यात मावलं, हे पाहून दामिनीला हसू आलं. मॅन्युअलच्या झेरॉक्स, सोल्डरिंगची डबी आणि फायलीत बायोडाटाच्या सहा प्रती. कोरपन्याजवळच्या सिमेंट फॅक्टरीत लागला तेव्हा त्याला मोटरचा स्टार्टर उघडता येत नव्हता म्हणे. मग एकेक शिकत गेला. बायोडाटातली एक ओळ दामिनीला पाठ होती, कारण लग्नानंतरचे दोन्ही महिने नवरा ती आरशासमोर इंग्रजीत म्हणत होता. मिलची दुरुस्ती त्याने अकरा तासांवरून सात तासांवर आणली होती. पुण्याच्या कंपनीने त्याला घेतलं ते त्या ओळीवरच.

नव्व्याण्णव सालचा नोव्हेंबर होता. नोकरी सोडण्याच्या फॉर्मवर अकरा खात्यांच्या सह्या लागत. सुरेंद्र सकाळीच त्या गोळा करायला गेला होता. दामिनी क्वार्टरमध्ये सामान बांधत होती. त्याची कामावरची जुनी डांगरी भिजवायच्या आधी तिने खिसे चाचपले, तर आतल्या खिशातून पितळेचा एक गोल बिल्ला निघाला. वर भोक, मध्ये ठोकलेला आकडा, ४७. सिमेंटने पार करडा झालेला. कामाचा असेल म्हणून तिने तो चिंचेने घासला, ओट्यावर ठेवला.

भांडी घासायला आलेली रुखमा ओट्यापाशी थबकली.

"हा कुठी भेटला, बाई?"

"साहेबांच्या खिशात. काऊन?"

रुखमा खाली बसली. ती रडली नाही, आवाजही चढला नाही. तिचा माणूस इतवारी मिलवर फिटर होता. मिल म्हणजे आडवं पडलेलं घराएवढं पिंप, पोटात टनावारी पोलादी गोळे. ते फिरलं की दगडाचं पीठ होतं. आत उतरणाऱ्याने ऑपरेटरच्या केबिनमध्ये आपल्या नंबरच्या खुंटीवर बिल्ला टांगायचा, बाहेर आल्यावर आपल्या हाताने काढायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. खुंटीवर बिल्ला असेपर्यंत मिल फिरत नसे. होळीच्या आदल्या दिवशी मिल फिरली, तेव्हा इतवारी आत होता.

"कागदात लिवलं, बिल्ला टांगलाच नाई म्हणून. त्याचीच गलती म्हणे." रुखमाने लुगड्याला हात पुसले. "मले नेऊ दे, बाई. मी दुपारून प्लांटात झाडझूड कराले जातो. त्याच्या खुटीले टांगून देतो."

दामिनीला सगळं कळलं होतं असं नाही, पण न कळण्यासारखंही फारसं उरलं नव्हतं. तिने बिल्ला उचलला आणि रुखमाच्या ओल्या तळहातावर ठेवला.

दोन वाजता सुरेंद्र शीळ घालत आला. "दहा सह्या झाल्या! माहा बिल्लाही स्टोअरमध्ये जमा केला. आता फक्त मिलची सही."

दामिनीने ताट वाढता वाढता सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"तिले काऊन देलं? मले इचारलं नाई?"

"तुमच्या खिशात कसा आला तो?"

सुरेंद्रने घास ताटात परत ठेवला.

"सात तास होत आले होते..." तो ताटाकडे पाहत म्हणाला. "सगळे जेवाले बाहेर निंगाले होते. मले वाटलं, तोही निंगाला, बिल्ला काढाले विसरला. म्हणून मीच काढला. हाक मारली होती मी त्याले..." तो थांबला. "एकच डाव."

तेवढ्यात दारात सायकल वाजली. म्हातारा फोरमन डोमा होता. घामाने निथळत होता, पण आत यायला तयार नव्हता.

"साहेब, मिल अटकली. सत्तेचाळीसवर बिल्ला लटकून राह्यला. कोणी हात लावत नाई. मोठे साहेब म्हणते, ज्याची सही अडली त्यानंच आत पाहून लिहून द्यावं, मिल खाली आहे, आत कोणी नाई म्हणून."

सुरेंद्र उठला. त्याने बॅटरी घेतली.

"अहो, तुमचा बिल्ला तर जमा आहे. खुंटीवर काय टांगाल?"

"दोन मिनिटाचं काम आहे," तो म्हणाला.

पुढचं डोमाने सांगितलं, पायरीवर बसून, दामिनीकडे न बघता. साहेब मिलच्या दारातून आत गेले. डोमा दाराशी उभा होता. आतून हाक आली, "कोण आहे?" मग हळूच, "इतवारी... तू बाहेर निंघ ना रे..." आणि पिंप हललं. डोमा ओरडला, पान्याने लोखंडावर ठोकत राहिला. गोळ्यांच्या आवाजात त्याला स्वतःचाच आवाज आला नाही.

केबिनमधला ऑपरेटर धनराज तीन आठवड्यांपूर्वी लागलेला. तिथून मिलचं दार दिसत नाही. ऑपरेटर माणसं बघत नाही, खुंट्या बघतो. तो एकच सांगत राहिला, "सत्तेचाळीसवाला आला होता. डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट, तोंड दिसे नाई. त्याचा चकचकीत बिल्ला त्यानं काढला. खुट्या खाली झाल्या... मी बटन दाबलं."

धनराजने इतवारीला कधी पाहिलेलं नव्हतं.

चौकशीच्या कागदात लिहिलं, की मयताने बिल्ला टांगला नव्हता. तोच टाइप, तेच वाक्य, फक्त नाव बदललेलं. रुखमा दुसऱ्या दिवशीही वेळेवर आली, भांडी घासली, चहा मांडला आणि कप दामिनीच्या हातात देऊन तिच्याजवळ बसून राहिली.

तेराव्याला डोमाने सुरेंद्रच्या सह्यांच्या फॉर्मची फाईल आणून दिली. मिलवर जाताना साहेबांनी ती त्याच्याच हाती दिली होती, तेव्हापासून त्याच्या पेटीत कुलपात होती. दामिनीने फॉर्म उघडला. दहा चौकोनांत दहा सह्या. अकराव्यात, मिल विभागासमोर, करडा अंगठा उमटलेला.

तिने बोट लावलं. तेराव्या दिवशीही सिमेंट ओलं होतं. बोट नाकाशी नेलं, तर चिंचेचा वास आला.