कुंपणापलीकडचा हात

लीव्हाय पिन मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मला वाटलं, हा मेलेला आहे. त्याला वाटलं, मी.

चूक धुक्याची. आमच्या गावात ते समुद्रावरून येतं आणि दार न वाजवता घरात शिरणाऱ्या शेजारणीसारखं कुठेही शिरतं. त्या शनिवारी सकाळी मी दलदलीतल्या पायवाटेनं चर्चच्या हॉलकडे निघाले होते, आणि अचानक समोर एक मुलगा. कोट उलटा घातलेला, अस्तर बाहेर. भुवयांवर पाण्याचे थेंब. हलत नव्हता, पापणीसुद्धा नाही.

वाट चुकवणारी ती लहान माणसं, धुक्यातल्या पऱ्या म्हणा हवं तर, मागे लागली की कोट उलटा घालायचा आणि खिशात पाव ठेवायचा, हे न्यूफाउंडलंडच्या आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण याचे बूट शहरातले होते. चकचकीत, आणि घोट्यापर्यंत चिखलात.

"तू खरी आहेस का?" त्यानं हळूच विचारलं.

"खिशात पाव किती आहे त्यावर अवलंबून."

त्यानं तुकडा काढला, अर्धा मोडून मला दिला. वर काकवी लावलेली होती. मी खाल्ला. तो बघत राहिला, आणि मग इतका छान हसला की मी काकवीचं बोट चाटायचं विसरले... म्हणजे जवळजवळ विसरले.

तो म्हणाला, त्याच त्या डबक्याला मी कितीतरी वेळ फेऱ्या घालतोय. वाट सापडली असती, पण तू सारखी हाक मारत होतीस.

"मी?"

"'इकडे दे, इकडे दे,' असं म्हणत होतीस ना?"

मी तर आईशी भांडून निघाले होते आणि तेव्हापासून ओठ मिटून चालत होते. पण ते त्याला सांगितलं नाही. त्याची बाही धरली आणि सरळ चालत सुटले. पहिल्याच भेटीत बाही धरली म्हणून मला कुणी आगाऊ म्हणू नये. धुकं होतं.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी चाललो होतो, व्हर्नामावशीच्या वर्गाला. आमच्याकडे बंदुकीचं लायसन्स हवं असेल तर आधी सुरक्षिततेचा वर्ग, मग लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष. मला ते लायसन्स हवंच होतं. आईला किती वर्षांनी सरकारी सोडतीत मूस, म्हणजे आमच्याकडचं ते घोड्याएवढं सांबर, मारायचा परवाना लागला होता. बाबा कामाला दूर अल्बर्टात, आणि आईचा खांदा असा की एकटीनं जंगलात जायची सोय नाही. मी पास झाले तर आम्ही मायलेकी जाणार आणि हिवाळाभर फ्रीजर भरलेला राहणार. नापास झाले तर सोडत वाया. सकाळचं भांडण त्यावरूनच झालं होतं. आई म्हणाली होती, तुझं लक्ष कधी एका जागी असतं का, डेल्फीन?

आता त्या जागी लीव्हाय येऊन बसला. माझ्या शेजारच्याच खुर्चीवर.

व्हर्नामावशी कुणाचीच मावशी नाही, पण सगळं गाव तिला मावशीच म्हणतं. आयुष्यभर वनरक्षक होती. तिच्या वर्गातल्या बंदुका मेलेल्या असतात, म्हणजे आतला खिळा कापलेला, गोळी सुटूच शकत नाही. तरी त्यांची नळी कुणाकडे चुकून वळली की नापास, तिथल्या तिथे. "मेलेलं आहे म्हणून कुणालाही गृहीत धरायचं नाही," ती म्हणायची, आणि का कोण जाणे, खिडकीबाहेर बघायची.

खिडकीबाहेर दलदल होती, आणि दलदलीच्या कडेला जुनं लाकडी कुंपण.

बंदूक हातातून हातात कशी द्यायची हे तिनं आमच्याकडून इतकं घोटून घेतलं की मला ते झोपेत म्हणता आलं असतं. देणाऱ्यानं बोल्ट मागे ओढायचा, काडतूस बसतं ती खोबण उघडी दाखवायची आणि म्हणायचं, रिकामी आहे. घेणाऱ्यानं डोळ्यांनी बघायचं, करंगळी घालून चाचपायचं, म्हणायचं, बघितली. मग नीट धरायचं, म्हणायचं, मिळाली. ते ऐकल्याशिवाय देणाऱ्यानं सोडायचं नाही, आभाळ कोसळलं तरी.

मी आणि लीव्हाय जोडीदार झालो. तो दर वेळी खोबणीत करंगळी घालायचा आणि "बघितली" म्हणताना बघायचा माझ्याकडे.

"खोबण तिकडे आहे," मी म्हणायचे.

"तीही बघितली."

मावशी म्हणाली, पिनसाहेब, डोळे बंदुकीवर ठेवा, ती पोरगी काही पळून जात नाहीये. सगळा हॉल हसला. माझे कान इतके तापले की त्यावर चहा उकळला असता.

चहाच्या सुट्टीत आम्ही पायरीवर बसलो तेव्हा मी त्याला चिडवलं, शहरातल्या मुलाला बंदूक कशाला हवी, तिथे काय, कबुतरं माजलीत का? तो हसला नाही. त्यानं कुंपणाकडे बोट केलं.

त्याचे आजोबा, जोसाया पिन, तिथे वारले. लीव्हायच्या वडिलांच्या लहानपणी. असंच धुकं होतं. भावाभावांनी पक्षी मारून आणले होते. जोसाया आधी कुंपण ओलांडून गेले आणि पलीकडून हात पुढे करून म्हणाले, इकडे दे. भावानं धुक्यात हात पाहिला, बंदूक दिली, सोडली. ती भरलेली होती. त्यानंतर पिनांच्या घरात कुणी बंदुकीला शिवलं नाही. लीव्हाय उन्हाळ्यात एफीआजीकडे, जोसायांच्या बायकोकडे, राहायला आला आणि म्हणाला, मी शिकतो, नीट शिकतो. एफीआजी आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. मग एके दिवशी तिनं त्याला हातमोज्यांची जोडी आणून दिली. बंदूकवाल्यांचे असतात तसे, अंगठा आणि पहिलं बोट वेगळं, बाकी बोटं एकत्र. लाल-पांढरे, चौकटीच्या नक्षीचे. तशी नक्षी गावात दुसरं कुणी विणत नाही, आणि एफीआजी घरच्या माणसांखेरीज कुणासाठी विणत नाही.

'इकडे दे.' सकाळी त्यानं ऐकलं होतं ते मी म्हटलं नव्हतं, हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्याचा खांदा माझ्या खांद्याला जेमतेम टेकला होता, आणि मला तो हलायला नको होता...

रविवारी परीक्षा. लेखी मी चुटकीसरशी उडवली. प्रत्यक्षासाठी मावशी आम्हाला त्या कुंपणापाशी घेऊन गेली. एकानं दोन्ही बंदुका सांभाळायच्या, दुसऱ्यानं ओलांडायचं, मग बंदुका एकेक करून पलीकडे द्यायच्या. मी विचारलं, मावशी, याच कुंपणावर का? ती म्हणाली, इथेच कुणीतरी एकदा नीट करून दाखवायला हवं म्हणून.

माझे हात गारठले होते. लीव्हायनं आपले लाल-पांढरे हातमोजे काढले आणि माझ्या हातांत चढवले. अंगठा आणि पहिलं बोट नीट बसवून.

"आणि तू?"

"मला फक्त घ्यायचंय. थरथर तुझी मोजणार आहेत."

तो कुंपणावर चढून पलीकडे उतरला आणि नियमाप्रमाणे बाजूला झाला. तेवढ्यात धुकं आलं. सरकत नाही आलं, पडदा टाकावा तसं आलं. मागे उभी असलेली मावशी नाहीशी झाली. कुंपणाची वरची फळी तेवढी दिसत होती, ओली, काळी. समुद्राचा आवाजही थांबला.

मी एक बंदूक खाली नीट ठेवली, दुसरीचा बोल्ट मागे ओढला, नळी आभाळाकडे केली. "रिकामी आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला कापसातून आल्यासारखा वाटला.

पलीकडून हात आला आणि त्यानं दस्ता घट्ट धरला.

"मिळाली," आवाज म्हणाला.

सोडणारच होते मी. बोटं सैल झालीच होती. पण मधलं राहिलं होतं. बघितली म्हटलंच नव्हतं कुणी. मग मी हाताकडे पाहिलं. त्यावर हातमोजा होता. राखाडी, भिजून जड झालेला, अंगठा आणि पहिलं बोट वेगळं. चौकटीची नक्षी.

लीव्हायचे हातमोजे माझ्या हातांत होते.

"डेल?" खूप लांबून, भलत्याच दिशेनं लीव्हायचा आवाज आला. "डेल, कुंपण कुठे गेलं?"

किंचाळावं, सगळं टाकून पळावं, एवढंच मनात होतं. पण टाकली असती तर नळी कुठे वळली असती देव जाणे, आणि आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि दुसरं म्हणजे, तो हात ओढत नव्हता. नुसता धरून होता. कितीतरी वर्षं कुणीतरी बंदूक आपल्या हाती देईल म्हणून वाट बघत राहिल्यासारखा.

"अशी नाही सोडणार मी," मी म्हटलं. "आधी बघा, जोसायाआजोबा. रिकामी आहे. हात घालून बघा."

मग तो हात हळूच दस्त्यावरून वर आला, मोज्यातलं ते वेगळं बोट खोबणीत गेलं, तळापर्यंत, आणि तिथेच थांबलं. कुणीतरी श्वास सोडला. माझ्या गालाला तो गार लागला.

"बघितली," आवाज म्हणाला. यावेळी थकलेला, म्हातारा, आणि... सुटल्यासारखा. "शाबास, पोरी."

बंदुकीचं सगळं वजन माझ्या हातांत परत आलं.

"लीव्हाय," मी ओरडले, "माझ्या आवाजावर ये. सरळ ये." आणि तो येईपर्यंत बोलत राहिले. काय वाट्टेल ते. की तुझे बूट हास्यास्पद आहेत, की काकवी आमच्याकडची जास्त चांगली, की काल पायरीवर तू उठलास तेव्हा माझा खांदा संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होता.

धुक्यातून हात आला. उघडा, गारठून लालबुंद झालेला. करंगळी खोबणीत गेली.

"बघितली." मग दस्ता धरला. "मिळाली."

मी सोडली नाही.

"डेल, मिळाली म्हटलं ना. सोड आता."

"थांब जरा. तूच आहेस ना?"

"पाव संपलाय, नाहीतर दाखवला असता." मग त्याचा चेहरा फळीजवळ आला आणि तो हळू आवाजात म्हणाला, "तुझा खांदा एकटा नव्हता बसला तिथे. मीही होतो. अजून आहे."

मी सोडली. दुसरी दिली, कुंपण ओलांडलं आणि सरळ त्याच्या गारठलेल्या हातांवर माझे मोजेवाले हात ठेवले. धुक्यातून मावशीचा आवाज आला, की प्रेमाला मार्क नाहीत, नळ्या सांभाळा.

हॉलमध्ये मावशीनं बंदुका शेवटच्या तपासल्या. माझ्या बंदुकीच्या खोबणीत तिची करंगळी थांबली. तिनं बाहेर काढला तो लोकरीचा एक धागा होता. ओला, राखाडी. तिनं माझ्या हातांतल्या लाल-पांढऱ्या मोज्यांकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर. धुकं विरत होतं. तिनं धागा रुमालात गुंडाळून लीव्हायच्या हाती दिला, म्हणाली, आजीला दे, आणि आम्हा दोघांच्या नावापुढे 'पास' लिहिलं.

एफीआजीनं तो धागा उजेडात धरून पाहिला आणि रडली नाही, असं लीव्हाय म्हणतो. चहा ठेवला. मग विचारलं, त्या ब्लॅग्डनच्या पोरीच्या, म्हणजे माझ्या, हाताचं माप काय?

मूस आम्हाला ऑक्टोबरात मिळाला. मला, आईला आणि ओझं उचलायला म्हणून आलेल्या लीव्हायला. दलदलीतून परतताना ते कुंपण लागलंच. माझ्या हातांत नवे हातमोजे होते, राखाडी, चौकटीचे. मी बोल्ट मागे ओढला आणि लीव्हाय चढायच्या आधी, नुसत्या पांढऱ्या धुक्याला खोबण दाखवत म्हटलं, "रिकामी आहे."

वाट पाहिली. कुणी आलं नाही. दलदल नुसती दलदल होती.

"बघितली," माझ्या कानाशी लीव्हाय म्हणाला. आई पुढे बघून खोकली.