खाच नसलेल्या पिशव्या

प्लाझ्माची पिशवी गोठवायला ठेवण्याआधी हिमू तिच्या पोटाला घट्ट रबरबँड बांधायचा आणि पिशवी दगडासारखी टणक झाली, की तोच रबरबँड काढून टाकायचा. हिमू म्हणजे तोरणखेडच्या रक्तपेढीतला यंत्रमानव. बांधायचं कशाला नि सोडायचं कशाला, हे सुट्टीत आत्याकडे आलेल्या मितालीला काही केल्या कळेना. सुमेधाआत्या त्या पेढीची शास्त्रज्ञ, पण उत्तर आयतं देईल तर शपथ. "डोकं चालव की जरा!" म्हणायची.

मितालीनं डोक्याऐवजी हात चालवले. आत्या जेवायला गेली असताना तिनं हिमूला गोड बोलून शीतपेटी (उणे तीस अंशांचं कपाट) उघडायला लावली, तो वळताच दोन पिशव्या बाहेर काढल्या आणि खेळाच्या नादात विसरली. दोन तासांनी पाहते तर आत पिवळं पाणी डुचमळत होतं! तिनं त्या गुपचूप परत ठेवल्या. सकाळी त्या पुन्हा टणक झालेल्या पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

अकरा वाजता मितालीच्याच डोंगरगावातल्या दवाखान्यातून फोन आला. तिच्या वर्गशिक्षिका पावराबाई बाळंत झाल्या होत्या. बाळ ठणठणीत होतं, पण बाईंचा रक्तस्राव थांबेना. बी गटाच्या प्लाझ्माच्या चार पिशव्या ताबडतोब हव्या होत्या.

"नुसतं रक्त देऊन नाही का चालणार?" मितालीनं घाबरून विचारलं.

"तांबड्या पेशी दिल्यात गं त्यांना. पण भोक पडलेल्या हंड्यात नुसतं पाणी ओतून काय होणार? आधी भोक बुजायला हवं," आत्या म्हणाली. "प्लाझ्मा (पेशी काढून घेतल्यावर उरणारा रक्तातला पिवळसर द्रव) ते काम करतो. त्यात रक्त साकळवणारी प्रथिनं असतात. बाईंची ती संपत आलीत. भारी नाजूक असतात बघ. साध्या फ्रिजमध्ये त्यातली काही थोड्याच दिवसांत ढिली पडतात, गोठवली तर वर्षभर टिकतात. म्हणून ऐन वेळी सदतीस अंशांच्या पाण्यात वितळवायची आणि लगेच द्यायची."

हिमूनं चार पिशव्या आणल्या. "तापमानाची नोंद बिनचूक आहे, ताई. पाण्यात सोडू?"

आत्या फोनवर पाठमोरी होती. मितालीचं लक्ष पिशव्यांकडे गेलं. दोन पिशव्यांच्या पोटावर रबरबँडची खोल खाच होती, दोन मात्र गुळगुळीत होत्या. वितळलं की खाच बुजते आणि पुन्हा गोठताना ती पाडायला रबरबँड नसतो! कोडं सुटलं आणि त्याच क्षणी तिला कालच्या दोन पिशव्या आठवल्या. हिमूजवळची नोंद पेटीच्या तापमानाची होती. पिशव्या टेबलावर पडल्या होत्या, हे पेटीला कुठून कळणार?

"आत्या, या दोन नको," ती रडतच म्हणाली. "काल मी बाहेर काढल्या होत्या. वितळल्या होत्या त्या."

आत्यानं गुळगुळीत पोटावरून बोट फिरवलं. त्या दोन्ही तिनं बाजूला काढल्या. खाचेच्या दोन्ही पिशव्या पाण्यात गेल्या. बी गटाच्या आणखी पिशव्या नव्हत्या. एबी गटाचा प्लाझ्मा कुठल्याही गटाच्या माणसाला चालतो, पण तसली एकच पिशवी पेढीत होती, तीही पाण्यात सोडली. वितळल्याबरोबर तीन पिशव्या घेऊन ड्रोन उडाला. तीनच येताहेत, असं आत्यानं दवाखान्याला तोवर कळवलं होतं.

संध्याकाळी निरोप आला, रक्तस्राव थांबला. मिताली तेव्हा कुठे जेवली.

आठ दिवसांनी पावराबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मांडीवर बाळ होतं. इकडे मितालीशेजारी आत्या कागदावर खाडाखोड करत बसली होती. कुठल्याही गावातल्या साध्या कपाटात ठेवता येईल अशी प्लाझ्माची पूड आपल्या पेढीत करता येईल का, याचा तिनं ध्यास घेतला होता. मितालीनं एका दमात सगळं कबूल केलं.

बाई म्हणाल्या, "दोन माणसांनी दिलेलं रक्त होतं ते. वाया घालवलंस."

"हो, बाई."

"पण तू सांगितलंस, म्हणून डॉक्टरांना तीनच येणार हे ठाऊक होतं. त्यांनी चौथीसाठी दुसऱ्या पेढीकडे गाडी पिटाळली. गप्प बसली असतीस, तर चार पोचल्या म्हणून सगळे निर्धास्त राहिले असते आणि मी..."

बाईंनी वाक्य तिथंच सोडलं आणि बाळाचं टोपडं नीट केलं.