काचेपलीकडचा सभासद

दुकानातल्या शेवटच्या फळीपाशी एक माणूस सूपचं पाकीट हातभर लांब धरून मागची बारीक अक्षरं वाचत होता. पुढचं चित्र सगळेच बघतात. मागचं वाचणारा तिला बऱ्याच दिवसांनी दिसला.

“तुम्हाला चष्मा लागलाय,” ती न राहवून म्हणाली.

“तुम्हाला कसं कळलं?”

“डोळे तपासते मी. कामच आहे… आणि त्यात गहू आहे. ठेवून द्या.”

त्याने पाकीट ठेवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे — तुम्हीपण?”

तेव्हा सिलिअ‍ॅक म्हटलं की लोक नुसते ‘काय?’ म्हणून कान पुढे करायचे. गव्हाचा कणही तिच्या आतड्याला सोसत नसे. लग्नाकार्यात ती कोपऱ्यात डबा उघडायची आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, “एवढंसं खाल्लं तर काय होतंय!” त्या एका वाक्याला कंटाळून तिने चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत गहू न चालणाऱ्यांचा रविवारचा गट सुरू केला होता. गट म्हणजे दोघीच — ती आणि निवृत्त मास्तरीणबाई.

पुढच्या रविवारी तो आला. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून बाईंनी त्याचं ‘लिफ्टवाले’ करून टाकलं.

“घ्या लिफ्टवाले, तांदळाच्या पिठाचा केक.”

“बाई, हा लिफ्टमध्ये ठेवला तर केबल तुटेल!”

किती हसायचे तिघं! आता त्या गटाला सभागृह लागतं, माईक लागतो. पण काचा पुसायच्या द्रवाचा वास असलेल्या त्या खोलीतलं दुपारचं तिरपं ऊन, आणि चहा देताना उगाचच रेंगाळणारा त्याचा हात… तिला अजून तेच आठवतं.

एकदा तो सहज बोलून गेला, “तपासणी? ती कुठे केली? गहू सोडला, पोट शांत झालं.”

“मग सिलिअ‍ॅक आहे कशावरून?”

“तुमच्यावरून,” तो हसला.

ती हसली नाही. “तपासून घ्या. जन्मभराचं पथ्य अंदाजावर नाही पाळत.”

“आणि नाही निघालं तर?”

नाही निघालं तर तो रविवारी इथे कशाला येईल? हे तिला कळत नव्हतं थोडंच! तरी ती म्हणाली, “तरीसुद्धा.”

तपासणीआधी काही आठवडे रोज गहू खावा लागतो, नाहीतर रक्तात काही दिसतच नाही. आणि गव्हाचं काही खोलीत आणायचं नाही, हा तिचाच नियम. म्हणून तो खिडकीबाहेर उभा राहायचा, पाव चावत, बिचारं तोंड करून.

“पोरी, काच पूस गं,” बाई म्हणायच्या, “सभासद धुरकट दिसतोय.”

निकाल आला त्या रविवारी दार सताड उघडं होतं, तरी तो उंबऱ्यावरच थांबला.

“नाहीये,” तो म्हणाला. “वेळीअवेळी खाणं आणि ढीगभर चहा, एवढंच निघालं.”

“अभिनंदन.” नंबर वाचून दाखवावा तसं ती म्हणाली. “आता कुठेही, काहीही खा. इथे यायचं… कारण नाही उरलं.”

“हो.” पण तो हलला नाही. “डॉक्टरांना आणखी एक विचारलं. म्हणजे — विचारायला नको होतं कदाचित…”

“काय?”

“की गहू खाणाऱ्या माणसाला सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या… अगदी जवळ यायचं असेल, तर काय काळजी घ्यायची?”

बाईंच्या हातातला कप बशीवर वाजला. तिचे कान तापले.

“मग? काय म्हणाले?”

“आधी हसले. मग म्हणाले, दात घासा.”

“आणि?”

“दोनदा घासून आलोय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली — त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावर पेस्टचा पांढरा ठिपका तसाच राहिला होता. तिने तो अंगठ्याने पुसला.

“बाई,” मागे न बघता ती म्हणाली, “जरा डोळे मिटा.”