कंसातला हशा

जे घडले ते घडले तसे सांगतो. त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र मी घेत नाही.

त्या दुपारी मी केवळ एका सहीसाठी गेलो होतो. माझ्या प्रबंधाचा विषय असलेले गृहस्थ युद्धाच्या काळात स्वयंसेवकांच्या एका तुकडीचे अधिकारी होते. पुढे ते राजकारणात पडले आणि म्हातारपणी मृत्यू येईपर्यंत निवडून येत राहिले. त्यांचे खासगी कागद, म्हणजे रोजनिशा, नेमणुकीचे हुकूम आणि मुख्यतः भाषणांचे कच्चे खर्डे, त्यांच्या घरातल्या एका कपाटात होते. बरेच महिने खपून मी ते लावले होते. आता घर विकले गेले होते, ग्रंथालयाची गाडी दारात उभी होती आणि दानपत्रावर त्यांच्या मुलीची सही तेवढी व्हायची होती. सही झाली नाही तर कागद मागच्या अंगणात जाळले जातील, असे तिने मला आधीच बजावले होते. जे कागद दुसऱ्या कोणाला तपासता येणार नाहीत त्यांच्यावरचा प्रबंध स्वीकारणार नाही, असे माझ्या मार्गदर्शकांनी बजावले होते. थोडक्यात, माझा जीव त्या सहीत अडकला होता.

ही मुलगी म्हणजे भूमितीच्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणत. मीही म्हणत असे.

"या, संशोधक!" बाईंनी दार उघडले. "आज शर्टाला इस्त्री? सही घ्यायची आहे की बक्षीस?"

"सहीच, बाई. तेच बक्षीस समजेन."

"वा! वर्षभरात पहिल्यांदा विनोद केलात. या आत."

वीज आधीच तोडली होती. बाहेर आभाळ भरून आले होते, त्यामुळे जेवणाच्या खोलीत भर दुपारी राखेसारखा उजेड होता. टेबल गेले होते, कपाटे गेली होती. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते. लाकडी खुर्च्या मात्र सगळ्या होत्या, रांगा करून, एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या. समोर, जिथे वक्त्याने उभे राहावे तिथे, माझ्या बांधलेल्या पेट्या.

"खुर्च्या नाही दिल्या?" मी विचारले.

"रिकाम्या झाल्या की देईन," बाई म्हणाल्या आणि शांतपणे चष्मा पुसू लागल्या.

मला ते वाक्य नीट कळले नाही. न कळलेल्या वाक्यावर लगेच प्रतिक्रिया देऊ नये, अशी माझी शिस्त आहे.

"बरं, ते कंसांचं काय लिहिलंत?" त्यांनी विचारले.

हा माझ्या अभिमानाचा विषय होता. प्रत्येक भाषणाच्या समासात पेन्सिलीने '(हशा)', '(टाळ्या)' असे लिहिलेले होते. सभेपूर्वीच तयार झालेल्या खर्ड्यांवर अशा नोंदी का असाव्यात, यावर मी एक अख्खे प्रकरण लिहिले होते. मी म्हणालो, "वक्त्याने अपेक्षित प्रतिसादाची आगाऊ केलेली नोंद. एक प्रकारचा आशावाद."

"चूक. शून्य मार्क."

"पण बाई..."

"बाबा प्रत्येक भाषण आधी या खोलीत म्हणून दाखवायचे. आम्हाला आत यायला बंदी. आई दाराबाहेर विणकाम घेऊन राखण करायची. हशा आगाऊ लिहिलेला नाही हो. आधी झालाय, मग लिहिलाय."

"इथे... हसलं कोण?"

"तुकडी."

तुकडीची हकिकत मला तोंडपाठ होती. अधिकारी चार दिवस रजेवर गेले आणि तेवढ्यात पूल उडाला. पुलावरून कोणीही परत आले नाही. सावधपणे, समोरच्याचे मन दुखावणार नाही अशा बेताने, मी म्हणालो, "बाई, ते सगळे तर..."

"मला सांगताय?" त्या हसल्या. "सरळ सौदा आहे. एक भाषण वाचा. ते तुमच्याबरोबर यायला तयार असतील तर मी सही करते. नसतील तर आज काडी लावते. तिकडे ग्रंथालयात बंद कपाटात ठेवून कोणी वाचलंच नाही, तर त्या पोरांनी करायचं काय?"

मी पेटी सोडली. वर आलेले भाषण सांडपाण्याच्या नळांविषयी होते. त्यातल्या 'नळ फुटला तरी मी जागचा हलणार नाही' या वाक्यापुढे ठळक '(हशा)' होता. मी उभा राहिलो आणि वाचू लागलो.

खोलीत माझाच आवाज घुमत होता. दुसऱ्या परिच्छेदाच्या सुमारास ओल्या लोकरीचा वास आला. त्यामागून बुटांच्या पॉलिशचा. मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली, जशी कोणी कूस बदलल्यावर करकरते. लाकूड हवेतल्या ओलाव्याने वाजते, असे मी मनात नोंदवले. मग पुढच्या रांगेतलीही वाजली... नळाचे वाक्य आले. मी ते वाचले आणि थांबलो.

काहीही झाले नाही. ती शांतता मात्र रिकाम्या खोलीची नव्हती. भाषण पडल्यावर भरल्या सभागृहात जी पसरते, ती होती.

"तुम्ही वाचताय," बाई हळूच म्हणाल्या. "बोलत नाही आहात." त्यांनी खिशातून काडेपेटी काढली.

कागद खाली ठेवून मी त्या खुर्च्यांकडे पाहिले, आणि तोंडातून निघाले ते असे: "माफ करा. हा विनोद मला कळलेला नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. माझे मार्गदर्शक म्हणतात, हा उपरोध आहे. मला तीही खात्री नाही. म्हणून मी... त्याला तळटीप दिली आहे."

क्षणभर काही नाही. मग डावीकडून कोणाच्या तरी नाकातून सुटल्यासारखा एक आवाज आला. मग दुसरा. आणि मग सगळी खोली फुटली! त्याला मी 'हसण्यासारखा आवाज' म्हणतो. त्याहून पुढे जाण्यास माझ्याजवळ पुरावा नाही. पण त्यात मांड्यांवर थापा होत्या, एकाला ठसका लागला होता, आणि "तळटीप!" असे कोणीतरी दम लागत म्हणाले. सांगायला संकोच वाटतो, पण मीही हसत होतो.

बाई डोळे पुसत होत्या. त्यांनी पेन्सिल पुढे केली. "लिहा. बाबा लगेच लिहायचे."

"मूळ कागदावर लिहिता येत नाही, बाई. नियम आहे."

यावर पुन्हा एकदा हशा. अखेर मी वेगळ्या चिठ्ठीवर '(हशा)' लिहिले, खाली तारीख घातली आणि चिठ्ठी खर्ड्याला जोडली. बाईंनी दानपत्रावर सही केली. मग एकेका खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "जा रे पोरांनो. नीट राहा. आणि याला फार छळू नका."

पेट्या गाडीत चढवून मी ड्रायव्हरशेजारी बसलो. सही खिशात होती. मला शीळ घालावीशी वाटत होती. वळणावर गाडी खड्ड्यात आदळली, माझे डोके टपावर आपटले, आणि मागे एकच हास्यकल्लोळ उठला. ड्रायव्हरही त्यात सामील झाला.

"मजेशीर मंडळी आहे हो तुमची!" तो आरशात बघत म्हणाला. "कॉलेजातली का?"

"साधारण... तशीच," मी म्हणालो.

मग त्याने पुन्हा आरशात पाहिले, या वेळी जरा जास्त वेळ, आणि आवाज उतरवून विचारले, "पण ते कोपऱ्यातले म्हातारे गृहस्थ एकटेच का हसत नाहीत? मघापासून बघतोय... त्यांनी तुमच्यावरची नजरच काढलेली नाही."